कोंबड्यांचा सरवा

मला कोणी मधेच टोकलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं जे झालं त्यात चूक कोणाची, हे शोधायला फार लांब जावं लागणार नाही. एकोणतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं शिकवली. रिटायर झाले, पण आवाज काही रिटायर झाला नाही. सौंदडात आजही मी रस्त्यानं निघाले की मिशा फुटलेली माणसं हातातली बिडी मागं लपवतात.

आमच्या गावात एक सेवा क्लब आहे. चौदा सभासद. अध्यक्ष इंद्रकुमार, राइस मिलवाले. माणूस सोन्यासारखा, पण फोटोशिवाय त्याला घास गिळवत नाही. सचिव मी. आधी क्लब म्हणजे रक्तदान, वह्या वाटप आणि उन्हाळ्यात स्टेशनवर पाण्याचे माठ, एवढंच होतं. गेल्या साली दिवाळीनंतरच्या बैठकीत मी म्हटलं, बाकी सगळं पुरे, एक काम धरू. धानाच्या मुलखात राहतो आपण, इथं कोणाची चूल थंड राहायला नको.

"बढिया," इंद्रकुमार म्हणाले, "लेकिन मॅडम, चावल कहां से आएगा? वर्गणी का तो आपको मालूम है."

वर्गणीचं मला मालूम होतं, म्हणूनच मी दुसरं शोधून आले होते. धान कापून, भारे बांधून उचलले की बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, दाण्यांच्या लोंबा पडून राहतात. त्याला आमच्याकडं सरवा म्हणतात. शेत कोणाचंही असो, सरवा ज्यानं वेचला त्याचा, कोणी कोणाला विचारत नाही. माझ्या लहानपणी कापणी झाली की बाया टोपल्या घेऊन शेतोशेत वाकलेल्या दिसायच्या. आता कोण वाकतं? सगळा सरवा उंदरांच्या आणि पाखरांच्या पोटात जातो. आपण कॉलेजची मुलं घेऊ, तीन रविवार वेचू, भरडू आणि गरजूंना वाटू. मी हे बोलले आणि बैठकीत टाळ्या वाजल्या. मला टाळ्या आवडतात, खोटं कशाला बोलू.

इंद्रकुमारनंच तेवढं विचारलं, "वो शामकलाबाई वेचते ना अजून?"

"ती कोंबड्यांसाठी वेचते," मी म्हटलं. "तिनंच सांगितलंय मला."

शामकलाबाई म्हणजे आमच्या शाळेची खिचडीवाली. मी तिथं होते तोवर पोरांची खिचडी तिच्याच हातची. नियम असा की मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकानं चव घ्यायची आणि वहीत सही करायची. ते काम माझ्याकडं होतं. ती रोज स्टीलच्या लहान ताटलीत दोन घास घेऊन यायची आणि म्हणायची, "चव घ्या, मॅडम." मग पदर दातात धरून माझ्या तोंडाकडं बघत उभी राहायची, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखी. मी "चांगली झाली" म्हटलं की वळायची. शेवटचं पोरगं जेवून उठल्याशिवाय तिनं कधी तोंडात घास घातला नाही, आणि कितीदा तिच्या वाट्याला गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाची खरवड तेवढी उरायची. पण मला भूक लागली, हे तीन शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकले नाहीत.

वय झालं तसं ते काम सुटलं. नवरा आधीच गेला होता, लेकरूबाळ नाही. तलावाच्या मातीच्या पाळीखाली एक खोली, एवढाच तिचा संसार. दरवर्षी कापणी झाली की डोक्यावर टोपली घेऊन जाताना दिसायची. मी विचारायची, "काय शामकलाबाई, सरवा?" ती म्हणायची, "कोंबड्याइले होते जी." आणि मी पुढं निघून जायची. कोणत्या पोरानं कोणाचं गणित उतरवलं, हे मी नुसत्या डोळ्यांवरून ओळखत होते. पण हिचे डोळे काही मी बघितले नाहीत.

एका माणसानं मला टोकलं होतं, तेही सांगते. चेतनाचे बाबा, म्हणजे माझा नवरा. भैय्यालाल नाव आहे, पण तोंडानं घ्यायची सवय नाही. शेती तेच बघतात आणि दिवसाला दहा वाक्यं बोलतात. पहिल्या रविवारच्या आदल्या दुपारी जेवताना म्हणाले, "आपल्या खालच्या बांध्याइत नको नेऊ पोराइले."

"काऊन?"

"लाखोरी उगवून राहिली. तुडवतील."

आमच्याकडं धान उभं असतानाच त्याच्या बुडाशी लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, फेकतात, म्हणजे धान कापेपर्यंत ती बोटभर वर येते. मी म्हटलं, मुलं चपला काढून चालतील.

"तरीबी," ते म्हणाले.

"तरीबी काय? आम्ही गावासाठी मरून राहिलो आणि तुम्हाला चार लाखोरीच्या रोपट्यांची पडली."

ते ताटावरून उठले आणि बैलांकडं गेले. मला वाटलं, जिंकले मी.

तीन रविवार मोठे झकास गेले. चाळीस मुलंमुली, डोक्यावर पिवळ्या टोप्या, कोणाच्या पिशवीत जास्त याची चढाओढ. आमच्या खालच्या बांध्यांपासूनच सुरुवात केली. एका मुलीनं उंदराच्या बिळात कोपरापर्यंत हात घालून ओंजळभर लोंबा काढल्या, तर आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बांधाच्या पारीवर उभी राहून ओरडत होते, "ती बघा, तिथं राहिली, एकही सोडायची नाही." आणि खरंच एकही सोडली नाही. पहिल्या दोन रविवारचं धान इंद्रकुमारनं फुकट भरडून दिलं. तिसऱ्या रविवारच्या, स्टेशनकडच्या शेतांतल्या लोंबा सहा पोत्यांत भरून मिलच्या शेडमध्ये ठेवल्या, पुढच्या खेपेला कामी येतील म्हणून. तांदळाच्या दहा-दहा किलोच्या थैल्या बांधल्या. अठ्ठावीस घरांची यादी केली. त्यात सगळ्यात वरचं नाव शामकलाबाईचं होतं, मी स्वतः मोठ्या मायेनं लिहिलं होतं.

वाटपाच्या दिवशी सत्तावीस जण आले. तिचं नाव तीनदा पुकारलं. इंद्रकुमार फोटोवाल्याला थांबवून उभे, मी घड्याळ बघत. मग मला रागच आला. एवढं करावं आणि या बाईला चार पावलं चालत यायला होऊ नये? थैली स्कूटीवर पायांशी ठेवली आणि निघाले, चांगली खरडपट्टी काढायची म्हणून.

ती दारात बसून जुन्या साडीला ठिगळ लावत होती. मला बघून लगबगीनं उठली, आत नेलं, बसायला पाट दिला, चुलीवर कोरा चहा ठेवला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझी नजर कोपऱ्याकडं गेली. बांबूची ढोली होती, धान ठेवायची, शेणानं लिंपलेली. ती पालथी घातली होती. धानाच्या मुलखात कापणी झाल्यावर कोणाची ढोली पालथी नसते.

"ढोली पालथी कशी?" मी विचारलं.

"यंदा लागली नाई जी."

"आणि कोंबड्या कुठं आहेत?"

ती चहात साखर टाकत होती. हात थांबला. खोटं बोलावं की नाही, हे ती तिथंच ठरवत होती, आणि या वेळी तिचे डोळे मला दिसत होते.

"कोंबड्या कव्हाच्या गेल्या, मॅडम. रोग आला होता ना, त्या साली."

"किती वर्षं झाली?"

"चार झाले असतील."

चार वर्षं. आणि आदल्याच साली ती मला नहराच्या पुलावर भेटली होती. डोक्यावर टोपली, कपाळावर घाम, आणि तेच वाक्य. म्हणजे तो सरवा कोणाच्या पोटात जात होता? रेशनचे महिन्याला पाच किलो मिळतात तिला. दोन्ही वेळा भातच खाणारं माणूस, ते किती दिवस पुरतात हे सांगायला गणिताची बाई कशाला हवी. बाकीचे दिवस ती त्या टोपलीवर काढत होती. आणि ती टोपली मी चाळीस मुलं लावून, टाळ्या वाजवून रिकामी केली होती.

"तुम्ही यंदा गेल्या नाहीत वेचायला?" मी विचारलं.

"गेली होती ना जी. सोमवारी गेली." मग ती हसली, अगदी मनापासून. "तुमच्या पोराइनं लई साफ वेचलं. उंदराच्या बिरातलंबी सोडलं नाई. मले पन इतकं साफ येत नाई."

टोमणा असता तर मी सहन केला असता. पण तिनं कौतुक केलं हो. जिनं आयुष्यभर ते काम केलं, तिनं आमचं काम बघून खरोखर वाखाणलं.

"मग दुसरीकडं जायचं."

"गेली होती पल्याडच्या शिवारात. तेथच्या बाया आहेत ना जी. त्याहीच्या टोपल्यात कसा हात घालू?"

मी थैली पुढं सरकवली. तिनं ती बघितली, वरचं क्लबचं स्टिकर बघितलं, आणि हळूच माझ्याकडं परत सरकवली.

"ज्याले गरज असल त्याले द्या, मॅडम."

"शामकलाबाई, हे तुमचंच आहे." मी बोलून गेले आणि जीभ चावली, कारण ते अक्षरशः खरं होतं.

"माहं असतं तं मी वेचून आनलं असतं," ती म्हणाली, आणि माझ्या हातात चहाचा कप दिला.

तो चहा मी कसा प्यायले ते मलाच माहीत. थैली घेऊन घरी आले. चेतनाचे बाबा अंगणात दोर वळत बसले होते. मी थैली त्यांच्या पुढ्यात आदळली आणि सगळं सांगितलं, रडत सांगितलं. त्यांना काहीच नवल वाटलं नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"तुम्हाला माहीत होतं."

"होतं," ते म्हणाले. "कोंबड्या मेल्या तव्हापासून. खालच्या बांध्याइत भारे बांधताना मी जरा ढिले बांधतो. दोन लोंबा जास्त पडतात. तिले पुरते."

"आणि मला सांगितलं नाही? चार वर्षं?"

त्यांनी दोर खाली ठेवला. त्या दिवशीची दहाही वाक्यं त्यांनी तिथंच खर्च केली. "तुले सांगतलं असतं तं तू काय केलं असतं? तिचं नाव यादीत टाकलं असतं. सगळ्यात वर. माइकवर पुकारलं असतं. मंग ते कायची घेते? आता खाते तं निदान आपल्या हातानं वेचून खाते."

मी तसंच केलं होतं, अगदी तसंच, वरून माइकवर तीनदा. आधी मला त्यांचा संताप आला, मग माझा आला. मग एवढंच वाटलं की या मुक्या माणसाशी मी सदतीस वर्षं संसार केला आणि त्याच्या पोटात काय काय आहे, हे मला अजून पुरतं माहीत नाही.

"आता काय करायचं?" मी विचारलं. माझ्या आयुष्यात मी हा प्रश्न त्यांना फार वेळा विचारलेला नाही.

"तलावाजवळची एक बांधी उभी आहे अजून. ओल होती म्हनून राहिली. परवा कापतो."

दुसऱ्या दिवशी मी क्लबची बैठक बोलावली आणि उभं राहून सांगितलं की चूक माझी आहे. हे वाक्य त्यांनी माझ्याकडून पहिल्यांदाच ऐकलं होतं. इंद्रकुमार म्हणाले, "कोई बात नहीं मॅडम, दोन पोती घरपोच करून देऊ." मी म्हटलं, पोतं नको. पोतं ती घेणार नाही. तुमच्या शेडमध्ये सहा पोती लोंबा आहेत ना, त्या आपण जिथून आणल्या तिथं परत ठेवून येऊ.

"मतलब?"

"मतलब, शेतात नेऊन टाकू. ती वेचेल."

इंद्रकुमारनं खिशातला मोबाइल बाहेर काढला, परत ठेवला. मग हळूच विचारलं, "एक भी फोटो नहीं?"

"एकही नाही."

"ठीक है," ते म्हणाले, आणि खरं सांगते, त्या दिवसापासून मला तो माणूस आवडतो.

बांधी कापली, भारे उचलले. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही पाच जण पहिलं पोतं घेऊन तिथं पोचलो. दव पडलेलं, पाय गारठलेले. इंद्रकुमार पांढऱ्याशुभ्र पायजम्यात, चिमटीनं एकेक लोंब हवेत उडवून राहिले होते. मी म्हटलं, "अक्षता टाकून राहिले का तुम्ही? लग्न आहे कोणाचं?" ते म्हणाले, "तो आप ही बताइये कैसे फेंकने का." मलाही कुठं येत होतं. मी एकीकडं ढीग करत होते, मास्तरणीसारखी ओळ धरून. शेवटी चेतनाचे बाबा आले, आमच्या हातातून पोतं घेतलं आणि दाखवलं. लोंबा सगळीकडं सारख्या पडत नाहीत. भारा जिथं बांधतात तिथं जास्त, पारीच्या कडेला जास्त, मधे विरळ. आम्ही एवढी शिकलेली माणसं, आम्हाला धान सांडायचंसुद्धा शिकवावं लागलं.

तसं आम्ही सहा दिवस रोज सकाळी केलं, आधी आमच्या सगळ्या बांध्यांत, मग शेजारच्या. सूर्य वर आला की आम्ही घरी. दुसऱ्या सकाळी मी दुरून नहराच्या पुलावरून बघितलं. शामकलाबाई तलावाजवळच्या बांधीत वाकलेली होती. मधे एकदा सरळ झाली, हातातली लोंब डोळ्यांजवळ नेऊन बघितली, बराच वेळ बघितली. मग चारी बाजूंना मान फिरवली. आता ही टोपली उपडी करून निघून जाते की काय? पण ती पुन्हा वाकली. मी तिथंच पुलाच्या कठड्यावर बसले.

नंतर आठवडा गेला, दुसरा गेला. ती दिसेना, आणि तिच्या घराकडं जायची माझी छाती होईना. क्लबात तेवढं एक ठरलं. पुढल्या सालापासून सरव्याला क्लबचा हात लागणार नाही. मोठ्या शेतकऱ्यांकडून एकेक भारा मागायचा, पिवळ्या टोप्या घालून पोरांनी तो घरून उचलायचा. इंद्रकुमार म्हणाले, त्याचे फोटो काढता येतील. मी म्हटलं, खुशाल काढा.

मग एका दुपारी ती आमच्या अंगणात आली. चेतनाचे बाबा आत झोपले होते, मी शेंगा सोलत होते. पदराखालून तिनं एक ॲल्युमिनियमचा डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्यापुढं धरला. नव्या धानाचा भात होता, अजून वाफ होती.

"चव घ्या, मॅडम."

मी हात धुतले आणि बोटांनी दोन घास घेतले. भात ठोकळ होता, जाड दाण्याचा. आमच्या कोणत्याच बांधीत ठोकळ धान होत नाही, आम्ही बारीकच लावतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ते तिसऱ्या रविवारचं, स्टेशनकडच्या शेतांमधलं धान होतं. मी मान वर केली. ती पदर दातात धरून माझ्या तोंडाकडं बघत उभी होती, शाळेत उभी राहायची तशीच. तिला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. त्या बाईला लोंब ओळखता येत नाही असं आम्हाला वाटलं, म्हणजे आम्ही किती शहाणे.

"चांगला झाला," मी म्हटलं.

ती पदर सोडून हसली. मग एकदम गंभीर चेहरा करून म्हणाली, "यंदा भैय्यालालभाऊच्या बांधीत ठोकळ निंगालं जी. बरं झालं. कोंबड्याइले ठोकळच आवडते."

एकोणतीस वर्षं मी पोरांचं खोटं पकडलं, हातावर छड्या दिल्या. त्या दिवशी मी विचारलं, "किती आहेत आता कोंबड्या?"

"तीन."

"पुरेल ना वर्षभर?"

"पुरते जी. ढोली भरली."

मी सगळा भात तिथंच बसून खाल्ला, तिच्यासमोर, शेवटच्या शितापर्यंत. मग डबा धुतला. रिकामा डबा परत द्यायची रीत नाही आमच्याकडं, ते तिलाही माहीत आणि मलाही. आत गेले. चुलीवर लाखोरीचं वरण होतं, लसणाची फोडणी दिलेलं. ते डब्यात काठोकाठ भरलं, झाकण घट्ट लावलं आणि तिच्या हातात ठेवलं.

तिनं झाकण उघडून वास घेतला. माझ्याकडं बघितलं. मी शेंगा सोलायला लागले.

"पुढच्या आठवड्यात पोपट-वालाच्या शेंगाची भाजी आनतो," ती म्हणाली. "चव घ्याले."

"आणा."

ती डबा पदराखाली धरून पाळीच्या वाटेनं निघाली. लसणाच्या फोडणीचं वरण कोंबड्या खात नाहीत, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.